साडेबारा टक्के तोंडपाठ आहेत, मग पाच टक्क्यांचं काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्याच गावातली गोष्ट आहे.

गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी आमच्या एका वर्गमित्राला व्हीलचेअरसकट उचललं आणि एका नोंदणी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर नेलं. लिफ्ट नव्हती. एकवीस पायऱ्या आणि मध्ये एक वळण. वळणावर आमच्यातल्या एकाचा हात घसरला, खुर्ची तिरकी झाली. आमचा गडी कठडा धरून ओरडला, "हळू रं! मी काय गोणी हाय काय?" सगळे हसलो. तोही हसला. पण वर पोचल्यावर तो बराच वेळ कोणाशी बोलला नाही.

कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. त्या एका कार्यालयावर राग काढून काही होणार नाही. असं कार्यालय तुमच्या तालुक्यातही असेल.

या मित्राबद्दल थोडं सांगतो. बारा वर्षांपूर्वी बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. मणक्याला मार लागला, कमरेखालचं अंग गेलं. आपल्या उरण-पनवेल पट्ट्यात अशी माणसं किती आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्रत्येक गावात एक-दोन घरं सापडतील. हा गडी घरी बसून राहिला नाही. घराच्या पडवीत कॉम्प्युटर टाकला आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागला. सातबारा, पॅन कार्ड, शाळेचे दाखले, रेशनचं काम. अर्ध्या गावाच्या लाडक्या बहिणींचे फॉर्म त्याने भरलेत. म्हणजे सगळ्या गावाला सरकारी दारातून आत पाठवणारा माणूस, आणि त्याला स्वतःला त्या दारातून आत जाता येत नाही.

त्या दिवशीचं काम होतं वाटणीच्या दस्ताचं. वडिलांच्या नावावरचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड, भावंडांमध्ये वाटणी, सगळ्यांचे अंगठे आणि फोटो समक्ष हवेत. एजंट म्हणाला, "यावंच लागेल." आतल्या माणसानेही तेच सांगितलं. आम्हीही मान डोलावली आणि उचलून नेलं.

घरी आल्यावर मला झोप येईना. रात्री नोंदणी कायदा काढून वाचला. १९०८ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याच्या कलम ३८ मध्ये स्पष्ट लिहिलंय: शारीरिक दुर्बलतेमुळे ज्याला कार्यालयात येणं धोक्याचं किंवा फार त्रासाचं आहे, त्याने यायची गरज नाही. अधिकाऱ्याने त्याच्या घरी जावं किंवा कमिशन नेमून त्याची जबानी घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी तरतूद! एजंटने सांगितली नाही, कार्यालयाने सांगितली नाही. आणि पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं या भागात बातम्या देणाऱ्या मलाही ती माहीत नव्हती. ही माझी चूक. ती आधी कबूल करतो, मग इतरांकडे वळतो.

कायदा काय म्हणतो

दिव्यांगांसाठी पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला. सार्वजनिक इमारतीत रॅम्प असावेत असं त्यातही होतं. पण त्याला एक शेपूट जोडलेलं होतं: "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत". झालं. वीस वर्षं प्रत्येक कार्यालय या शेपटाला धरून बसलं. पैसे नाहीत, पुढच्या बजेटमध्ये बघू.

मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. आणि ते शेपूट कापलं गेलं. आपल्या कामाची तीन कलमं सांगतो. लक्षात ठेवा, उपयोगी पडतील.

कलम ४४. नियमांप्रमाणे सुगम नसलेल्या इमारतीच्या नकाशाला मंजुरी द्यायची नाही आणि बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखलाही द्यायचा नाही.

कलम ४५, पहिला भाग. आधीपासून उभ्या असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम १५ जून २०१७ ला जाहीर झाले. म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. आणि "सार्वजनिक इमारत" म्हणजे फक्त सरकारी नव्हे. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतसुद्धा त्यात येते. दवाखाना आला, बँक आली, मंगल कार्यालय आलं.

कलम ४५, दुसरा भाग. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला. सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी आपल्या इमारती व जागा सुगम करण्याचा कृती आराखडा तयार करून तो प्रसिद्ध करायचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, सिव्हिल हॉस्पिटल, शाळा, रेल्वे स्टेशन, बस थांबे यांची नावं कलमातच आहेत. स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण? तुमची ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका.

शब्द नीट वाचा. "प्रसिद्ध करायचा." कपाटात ठेवायचा नाही, लोकांसमोर लावायचा.

दस्ताच्या प्रकारानंतर मी चार ठिकाणी जाऊन विचारलं, तुमचा कलम ४५ चा आराखडा बघायला मिळेल का? एका ठिकाणी "तो पुण्याला असेल" असं उत्तर मिळालं. दुसरीकडे मला घरकुलाची यादी दाखवली. तिसरीकडे साहेब मीटिंगला होते. चौथ्या ठिकाणचा कारकून प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दादा, असलं काही असतं हे आजच ऐकतोय."

मेजर टेप घेऊन फिरलो

"आमच्याकडे रॅम्प आहे" हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. खरंय, बऱ्याच ठिकाणी रॅम्प आहे. प्रश्न आहे तो कसला रॅम्प आहे.

नियम साधा आहे. उतार बारास एक. आपल्या भाषेत, एक इंच उंची चढायची तर एक फूट लांबीचा रॅम्प. दीड फूट उंचीचा ओटा असेल तर अठरा फूट लांब रॅम्प पाहिजे. दोन्ही बाजूंना धरायला कठडा पाहिजे, वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा पाहिजे.

मी एका ग्रामपंचायत कार्यालयाचा रॅम्प मोजला. उंची १९ इंच. म्हणजे लांबी १९ फूट हवी. प्रत्यक्षात साडेपाच फूट. त्याच्यावरून व्हीलचेअर स्वतः चढवणं पैलवानालाही जमणार नाही, आणि उतरताना तर सरळ रस्त्यावर. वर गुळगुळीत टाइल्स. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्यावर धडधाकट माणूस घसरेल. कठडा नाही. रॅम्पच्या तोंडाशी दोन मोटरसायकली उभ्या. पण कागदावर काय? "रॅम्प: होय." बिल निघालं, फोटो निघाला, विषय संपला.

आणि खरं सांगायचं तर असे फोटो मीही छापलेत. दर ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, साहित्य वाटपाची बातमी येते. मान्यवर उभे, दिव्यांग बंधू खुर्चीत बसलेला, हार, नारळ. मी ती बातमी वीस वर्षं दिली. ज्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला त्याच्या पायऱ्या किती होत्या, हे मी एकदाही लिहिलं नाही.

रॅम्प हे फक्त एक उदाहरण. न दिसणाऱ्या माणसाला कार्यालयातली कुठली खोली कशाची हे कळण्याची सोय आहे का? ऐकू न येणाऱ्या बाईला ग्रामसभेत काय चाललंय ते समजतं का? सुगम शौचालय असलं तर त्याला कुलूप किती दिवसांपासून आहे आणि आत झाडू-बादल्या किती आहेत? यादी मोठी आहे. पण ज्यांना साधा उतार धड बांधता येत नाही त्यांना पुढचं काय विचारणार?

कंटेनरला पायरी चढावी लागत नाही

आपण न्हावा शेवावाले. आपल्या दारात देशातलं सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २६ मे १९८९ ला हे बंदर सुरू झालं. २०२४-२५ या एका वर्षात इथून ७० लाखांपेक्षा जास्त कंटेनर (वीस फुटी मापाने) हाताळले गेले. जहाजातून क्रेनवर, क्रेनवरून ट्रेलरवर, ट्रेलरवरून रेल्वेच्या वॅगनवर. कुठे अडतो का कंटेनर? नाही. का नाही? कारण जगभर त्याचं माप ठरलेलं आहे. वीस फूट, चाळीस फूट, कोपऱ्याची कडी अमुकच ठिकाणी. "आमच्या गावात जागा कमी होती म्हणून कडी जरा बाजूला घेतली" असं तिथे चालत नाही. माप चुकलं तर माल पुढे जात नाही, आणि माल अडला तर पैसा अडतो. म्हणून सगळे माप पाळतात.

माणसासाठीही माप ठरलेलं आहे. पण ते चुकलं तर कोणाचाच पैसा अडत नाही, फक्त माणूस अडतो.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला. २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. शिवडीहून न्हावा शेवाला वीसेक मिनिटांत माणूस पोचतो. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल सुरू झाली. आता विमानतळही झाला. मला या सगळ्याचा आनंद आहे, बातम्या मीच दिल्यात. पण साडेसोळा किलोमीटर समुद्र ओलांडणाऱ्या भागात १९ इंचाचा ओटा ओलांडता येत नाही, हे काही तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून झालेलं नाही.

सुप्रीम कोर्टानेही जवळपास हाच मुद्दा मांडला. राजीव रतुरी या दृष्टिहीन माणसाने २००५ साली जनहित याचिका केली होती. २०१७ साली कोर्टाने सरकारांना मुदती घालून दिल्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ ला तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पुन्हा निकाल दिला. मुद्दा असा, की कायदा म्हणतो "करायलाच हवं", आणि नियम मात्र नुसत्या शिफारशीसारखे वागतात. नियम १५(१) कायद्याशी विसंगत असल्याचं कोर्टाने ठरवलं आणि किमान बंधनकारक मापं कोणती ते तीन महिन्यांत ठरवा, असं केंद्राला सांगितलं. म्हणजे "करता आलं तर करा" आणि "केल्याशिवाय चालणार नाही" यातला फरक कळायला आपल्याला कोर्टात जावं लागलं. कंटेनरला तो फरक पहिल्या दिवसापासून कळलेला आहे.

पैसे आहेत

आता मुख्य मुद्दा. "निधी नाही" हे उत्तर निदान आपल्या भागात तरी कोणी देऊ नये.

महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिकेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे आहेत. आधी हे ३ टक्के होते. ग्रामपंचायतीच्या बजेटमध्ये मागासवर्गीयांचे १५ टक्के, महिला व बालकल्याणाचे १० टक्के आणि त्याच्याखाली हे ५ टक्के, अशी ओळ असते. आपल्या बंदरपट्टीतल्या ग्रामपंचायती काही डोंगरातल्या गरीब ग्रामपंचायती नाहीत. गोदामं आहेत, कंटेनर यार्ड आहेत, त्यांची घरपट्टी आहे. समजा एखाद्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला १ कोटी आहे. ५ टक्के म्हणजे ५ लाख. दर वर्षी. पाच वर्षांचे २५ लाख. त्यात किती ओटे, किती शाळा, किती दवाखान्यांची दारं नीट होतील, गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

मी जे पाहिलंय ते असं: वर्षभर हा निधी पडून, आणि मार्च आला की धावपळ. मग मिक्सर वाटा, घोंगड्या वाटा, नाहीतर प्रत्येकाच्या हातात थोडी रक्कम टेकवा. रोख मदतीला मी वाईट म्हणत नाही. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला ती आधी लागते. पण दिव्यांगांना निवडायला लावू नका, की पैसे हवेत का रॅम्प. आणि शाळेचा, आरोग्य केंद्राचा रॅम्प हा मुळात दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतूनच व्हावा असंही नाही. तो इमारतीचाच भाग आहे. दरवाजा बांधताना आपण वेगळा निधी शोधतो का?

आता मला विचारायचंय. साडेबारा टक्के म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४. दास्तान फाटा आणि पागोटे. पाच माणसं गोळीबारात गेली. दि. बा. पाटील साहेबांनी लढा उभा केला आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. आजही कोणाचा भूखंड अडला तर आपण सात-बारा, निवाडा, पात्रता, सगळ्याची फाइल काखेत मारून फिरतो. टक्का म्हणजे हक्क, तो मागून मिळत नाही, लढून मिळतो, हे आपल्याला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही.

मग हे पाच टक्के कोणी मागायचे? ज्याच्या घरात व्हीलचेअर आहे त्यानेच फक्त?

"रस्ता आमचा नाही"

आपल्याकडचा आणखी एक खास त्रास आहे. इथे मालक फार. गावठाणात ग्रामपंचायत. शाळा जिल्हा परिषदेची. उलवे, द्रोणागिरी नोड सिडकोचे. उरण शहरात नगरपरिषद, पनवेलला महापालिका. बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरण. महामार्ग वेगळ्यांचा, स्टेशन रेल्वेचं. घरापासून स्टेशनपर्यंत दोन किलोमीटरच्या रस्त्याला तीन मालक सहज निघतात. माझा मित्र एकदा फुटपाथच्या उंच कडेबद्दल तक्रार घेऊन गेला, तर एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं. तिसरा म्हणाला, "नाला आमचा, फुटपाथ नाही." व्हीलचेअरच्या चाकाला ही हद्द कशी कळायची?

पण कायद्याने याचंही उत्तर देऊन ठेवलंय. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे. त्याचं नाव विचारा. नियमभंगाला कलम ८९ खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुन्हा केला तर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. आणि आपल्या राज्याने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच काढला, देशात पहिला म्हणून त्याचं कौतुकही झालं. कौतुक रास्तच आहे. पण मंत्रालयातल्या विभागाने गावातला ओटा आपोआप उतरत नाही. अपंगचे दिव्यांग झाले, पाटी बदलली, पायरी तीच राहिली.

उचलून नेणं ही मदत नाही

काही जण म्हणतील, चार पोरं उचलतात की, माणुसकी आहे अजून. आहे. पण ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारला विराली मोदी या दिव्यांग हक्क कार्यकर्तीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी असंच उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती. तिने ते लिहिलं, देशभर गाजलं, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. लग्नाच्या दिवशी नवरी चार अनोळखी हातांवर. कुठल्या बापाला हे आवडेल? मुंबईत हे होतं आणि बातमी होते. आपल्याकडे होतं आणि "झालं ना काम?" म्हणून विषय संपतो.

अमेरिकेत १२ मार्च १९९० ला साठेक दिव्यांग माणसांनी वॉशिंग्टनच्या संसद भवनासमोर आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि हातांवर सरपटत त्या पायऱ्या चढल्या. त्यात लहान मुलगीही होती. त्याच वर्षी तिथे कायदा झाला. आणि त्या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे जी मला आपल्यासाठी फार महत्त्वाची वाटते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या तिथल्या प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्याच इमारतींतले अडथळे स्वतः शोधायचे, त्यांची यादी करायची, कोणता अडथळा कधी काढणार ते लिहायचं आणि त्याला जबाबदार अधिकारी कोण ते नावानिशी सांगायचं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण आपली चूक आपणच लिहून भिंतीवर लावण्याची पद्धत तरी आहे. आपल्या कलम ४५ चा आराखडा दुसरं काय आहे? तेच आहे. आपण तो लावलेला नाही, एवढाच फरक.

"पण दिव्यांग येतात कितीसे?" हाही प्रश्न मला एका पदाधिकाऱ्याने विचारला. साहेब, ते येत नाहीत कारण त्यांना येता येत नाही. नदीवर पूल नसताना पूल ओलांडणारे किती, असं मोजतो का आपण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा कायद्यात २१ प्रकार नव्हते. आणि रॅम्प फक्त त्यांनाच लागतो का? गुडघे दुखणारी आजी, पोटुशी बाई, डायलिसिसवरून आलेला माणूस, पोराची गाडी ढकलणारी आई. तुम्ही आणि मी चाळिशी ओलांडलीय. आपल्या वाट्यालाही ती पायरी येणार आहे.

काय करायचं

भाषण पुरे. पाच कामं सांगतो. एकही अवघड नाही.

एक. तुमच्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा, आरोग्य केंद्राचा रॅम्प मोजा. एक इंच, एक फूट. टेप नसेल तर माझ्याकडून घेऊन जा. मापासकट फोटो खाली टाका.

दोन. येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. गेल्या पाच वर्षांत ५ टक्के निधी किती जमला, किती खर्च झाला, कशावर? आणि कलम ४५ चा आराखडा कुठे आहे? ग्रामसभा खालच्या मजल्यावर, सगळ्यांना येता येईल अशा जागी घ्यायला लावा, नाहीतर ज्याचा प्रश्न आहे तोच बाहेर राहील.

तीन. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज. लिहिता येत नसेल तर मी लिहून देतो, माझा मित्रही देतो.

चार. नवीन इमारतींवर नजर ठेवा. जुनी इमारत तोडफोड करून सुधारायला पैसे लागतात, नवीन बांधतानाच नीट बांधली तर खर्च जाणवतही नाही. उलवे-द्रोणागिरीत रोज इमारती उभ्या राहतायत. भोगवटा दाखला देताना कोणी हे तपासतं का, एवढं विचारा.

पाच. हे नगरसेवक, सरपंच मंडळींसाठी. पनवेल महापालिकेत, उरण नगरपरिषदेत प्रशासकांच्या काळानंतर आता पुन्हा निवडून आलेले लोक बसलेत. तमिळनाडूने २०२५ साली कायदा दुरुस्त करून स्थानिक संस्थांमध्ये दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद केली. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण एखादी समिती करायला, तिच्यात दोन दिव्यांग माणसं घ्यायला आणि कुठलाही रॅम्प त्यांनी चढून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही असा ठराव करायला तुम्हाला कोणी अडवलंय का? पहिला ठराव जी संस्था करेल तिची बातमी मी पहिल्या पानावर यावी म्हणून भांडेन. हा माझा शब्द.

मित्राला पोस्ट आधी वाचून दाखवली. त्याचं नाव घालू का विचारलं, तर नको म्हणाला. "मना हिरो नको करू. कलम ३८ वालं तेवढं मोठ्या अक्षरात लिही, दुसऱ्या कोणाला उचलाची पाळी येऊ नये."

म्हणून पुन्हा लिहितो. नोंदणी कायदा १९०८, कलम ३८. येणं शक्य नसेल तर अधिकारी घरी येतो. प्रिंट काढून ठेवा.

आणि पुढच्या वेळी कोणाला उचलायला हात लावाल, तेव्हा उचलण्याआधी एकदा विचारा, इथे रॅम्प का नाही? मोठ्याने विचारा. आत ऐकू गेलं पाहिजे.